दुरुस्तीचे पैसे

नवरा गेल्यावर त्याचं झाडं कापायचं मशीन धाकट्या दिराने उचलून नेलं. "बाईमाणूस हे काय चालवणार?" म्हणाला होता. आता तेच घेऊन तो दारात उभा होता. "वहिनी, दादाने भंगारच घेतलं होतं. बघा जरा." तिने झाकण उघडलं. आत भुशाचा गोळा अडकला होता आणि चेन कोरडी पडून जळाली होती. "चेनला तेल घालत होतात?" "पेट्रोल टाकतो की." तिला त्याची कीवसुद्धा आली नाही. नवरा मशीन चालवायचा, पण सांभाळायची तीच. तिने भुसा काढला, नवी चेन बसवली, तेल भरलं आणि दुरुस्तीचे पैसे सांगितले. "एवढ्यात नवीन मशीन येईल," तो फणकारला. "मग नवीनच घ्या, भाऊजी. हे मी चालवीन." "तुम्ही? घरची अब्रू..." तिने दोरी ओढली. मशीनच्या आवाजात त्याचं पुढचं बोलणं बुडून गेलं.