मामंजींची एकादशी

एरवी पार्किन्सनमुळे उंबऱ्याशीच थिजणारे मामंजी आज एकादशीच्या दिवशी नातवाला कडेवर घेऊन राजवाड्यामागच्या गल्लीत झपाझप फिरून आले. गेल्या एकादशीलाही असंच झालं होतं. विनुतानं बाळ ओढून घेतलं. "काल तुम्हाला पेला धरवत नव्हता, मामंजी. आज पोर कसं पेलवलं?" "उपासाचं पुण्य गं," सासूबाई म्हणाल्या. "पुण्य कसलं? सेवा करून घ्यायचं सोंग!" तिनं तिथंच स्पीकरवर डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. "गोळी कशाबरोबर देता?" डॉक्टरांनी विचारलं. "गोळीनं मळमळतं, म्हणून मीच रोज वाटीभर दह्यातून देते. आज एकादशी, उपासाला ते दहीसुद्धा खात नाहीत, म्हणून पाण्याबरोबर." "अय्यो, दह्यातली प्रथिनं गोळीचा गुण येऊ देत नाहीत, अम्मा!" विनुताची मान खाली गेली. मामंजी हळूच म्हणाले, "तुला कशाला बोल लावू, पोरी? मी सोंगच करतोय, असं मलाही वाटू लागलं होतं."