दुसरी सीडी

"रिकामी म्हणजे?" भिमाजीशेठने विचारलं.

अमितने सीडी बाहेर काढली, शर्टाला पुसली आणि पुन्हा आत ढकलली. कॉम्प्युटर थोडा वेळ गुरगुरला आणि गप्प झाला.

"हिच्यात काहीच नाही, शेठ."

अमित काल नाशिकहून येऊन गेला होता, आणि आज सकाळीच पुन्हा आला होता, नवा प्रोग्राम टाकायला. जुना काढला, नवा अर्धाच बसला, आणि हंगामाच्या सगळ्या नोंदी उडाल्या. कुठल्या शेतकऱ्याची द्राक्षं कुठल्या पेटीत, फवारणीच्या औषधाच्या अंशाची तपासणी कुणाच्या मालाची झाली, सगळं त्यातच होतं. दिंडोरीतल्या भिमाजीशेठच्या पॅकहाऊससमोर परदेशी जाणारा कंटेनर भरून उभा होता. कागद छापून बरोबर दिल्याशिवाय बंदरावर त्याला कुणी आत घेणार नव्हतं, आणि जहाज काही थांबणार नव्हतं.

"तुम्ही तर म्हणला, आधी उतरवून ठेवलंय."

"काल घेतला होता की बॅकअप. ह्याच सीडीवर." अमितने मान वर केली नाही. "मॅडमकडे दिली होती."

प्रतिभा शेजारच्या खुर्चीत होती. पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटर आल्यापासून तीच चालवायची.

"दिली तशी खणात ठेवली," ती म्हणाली. "आज तीच काढून दिली."

"मग भरलेली रिकामी झाली कशी?"

"मला काय माहीत, शेठ."

भिमाजी खिडकीशी गेला. बाहेरच्या व्यापाऱ्यांचे पत्ते, भाव, सगळं ह्याच कॉम्प्युटरात, म्हणजे त्या सीडीवरही. पलीकडच्या पॅकहाऊसवाल्याने त्याचं एक जुनं गिऱ्हाईक नुकतंच फोडलं होतं. प्रतिभाचा नवरा तिथेच ड्रायव्हर होता. इतके दिवस हे त्याच्या मनात आलं नव्हतं. आता आलं, आणि जाईना.

"पिशवी बघू तुझी."

दाराशी उभा असलेला जीवन पुढे आला. तो भिमाजीचा साडू, आणि धंद्यातला भागीदार. "अण्णा, बाईमाणसाची पिशवी कशाला..."

"तुम्ही गप बसा, जीवनराव."

प्रतिभाने पिशवी उचलली आणि टेबलावर उलटी केली. डबा, कंगवा, एसटीचा पास, पोराच्या खोकल्याच्या औषधाची बाटली. बाटली घरंगळत कडेला गेली, ती जीवनने धरली. सीडी नव्हती. भिमाजीने डब्याचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं. भाकरी होती, मेथीची भाजी होती.

जीवन बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग ती टेबलावर ठेवून बाहेर गेला. त्याच्या जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात सीडी होती.

"ही लावून बघा."

अमितने लावली. पडद्यावर नावं उतरू लागली. देवराम, गोटीराम, मालनबाई, एकाखाली एक.

"आलं!" अमित ओरडलाच. "परवापर्यंतचं सगळं आहे. कालचं हाताने भरलं की झालं."

प्रतिभाने पसरलेलं सामान पिशवीत टाकलं, गेटवरच्या कालच्या पावत्या मागवल्या आणि भरायला बसली. नंतर प्रिंटर चालू झाला. ड्रायव्हरने कागद घेतले, आणि कंटेनर फाटकातून बाहेर पडला.

तेव्हा कुठे भिमाजीने विचारलं, "ही तुमच्याकडं कशी, जीवनराव?"

"असावी म्हणून. अधूनमधून उतरवून घेतो."

"मला न सांगता."

"सांगितलं असतं, तर घेऊ दिली असती?"

भिमाजी साडूच्या तोंडाकडे बघत राहिला. "तुमच्याकडं होती, तर तिची पिशवी बघितली तवाच का नाय बोलला?"

"बोललो असतो तर तुम्ही माझी जीप बघितली असती, अण्णा."

अमित वायरी गुंडाळत होता. "कधीकधी असं होतं," तो हळूच म्हणाला. "मशीन झालं म्हणतं, पण सीडीवर काही लिहिलंच जात नाही."

प्रतिभाने त्याच्याकडे पाहिलं. "हे सकाळी माहीत नव्हतं तुम्हाला?"

अमितने गुंडाळलेली वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

तिने पिशवी खांद्याला लावली. "उद्यापासून माझी वाट बघू नका, शेठ."

"अगं, बस की. चहा सांगतो," भिमाजी म्हणाला.

तोवर ती पायऱ्या उतरली होती.

भिमाजी तिच्या खुर्चीवर बसला. जीवनची सीडी त्याने मशीनमधून काढायला लावली आणि आपल्या खिशात घातली. "आता ह्याला कुलूप घाला. माझ्याबिगर कुणाला उघडता येणार नाय, असं."

अमितने एक चौकोन उघडून दिला. "ह्यात तुमचा पासवर्ड टाका. इंग्रजीत."

"तिकडं तोंड करा मग. जीवनराव, तुम्हीपण."

अमित वळला. मग जीवनही भिंतीकडे वळला.

भिमाजी एका बोटाने अक्षर शोधून शोधून दाबू लागला. खोलीत तेवढाच आवाज होता. मग तोही थांबला. पुढचं अक्षर त्याला कुठेच दिसेना, आणि विचारायला समोर दोघांच्या फक्त पाठी होत्या.