साय की फेस

चाचणीचा तास भरायला चार मिनिटं बाकी असतानाच तिनं पेटीचं दार उघडलं. एवढ्या वर्षांत असं तिनं कधी केलं नव्हतं.

आत सदतीस अंशांवर बारा नळ्या उभ्या होत्या. अकरा नळ्यांत डेअरीत सकाळी आलेलं दूध होतं. बाराव्या नळीतलं तिच्या आईच्या गोठ्यातलं, काल औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून आणलेलं. प्रत्येक नळीत तिनं निळ्या द्रावणाचा एकेक थेंब टाकला होता. दूध निर्दोष असेल तर निळा रंग नळीभर पसरून राहतो. गायीला गाभडण्याचा, म्हणजे गर्भ पडण्याचा रोग असेल तर रंग सायीबरोबर वर चढतो आणि काचेला कडं धरतो. तो रोग दुधातून माणसालाही होतो. दूध उकळलेलं असेल तर नाही होत.

बाराव्या नळीला कडं होतं.

तिनं नळी खिडकीपाशी नेली. मग दिव्याखाली धरली. कडं दोन्हीकडे तेवढंच निळं दिसलं.

"बाई, पोरांच्या परीक्षेचे निकाल लागले, तुमच्या दुधाचा काही लागेना." टँकरच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं आत घातलं. "उन्हात नासलं तर खापर माझ्याच डोक्यावर फोडाल."

"अकरा पास. टँकर लावा आत."

"आणि हातातली?"

"ती घरची आहे."

"मग ती तर पासच की!" तो हसत गेला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे दूध तापवायचं यंत्र घरघरू लागलं. बहात्तर अंश, पंधरा सेकंद. एवढ्यानं भागतं.

तिनं फोन लावला. आजीकडे विश्रांतीला गेलेल्या लेकीनं तो लगेच उचलला.

"आई? आत्ता कसा काय फोन? काम नाही वाटतं आज."

"दूध घेतलंस का सकाळी?"

"घेतलं. मोठा पेला भरून."

"गरम होतं?"

"हो गं बाई, गरमच होतं. तू मला इथं सोडताना बजावलंस ना, दूध गरमच घ्यायचं म्हणून? रोज गरमच घेते."

तिनं नळी स्टँडमध्ये ठेवली. खुर्ची ओढून ती बसलीसुद्धा. मग सवयीनं, नोंदवहीत एक रकाना मोकळा राहिला तर विचारावं तसं तिनं विचारलं,

"वर साय होती?"

"साय कुठली? फेस होता. मिशा येतात मला, आजी हसते."

ती उठून उभी राहिली.

"अगं, चुलीवर ठेवलं होतं का ते दूध? गॅसवर?"

"आजी गोठ्यातून थेट पेल्यातच आणते. धारोष्ण. इतकं गरम असतं ना, की पेला हातात धरून बसावंसं वाटतं."

गायीच्या अंगाची ऊब. अडतीस, फार तर साडेअडतीस अंश. दिवसभर अंशांत बोलणाऱ्या बाईनं पोटुशा लेकीला नुसतं 'गरम' असं सांगितलं होतं. 'उकळून' म्हणाली असती तर एकच शब्द बदलला असता.

"किती दिवस घेतेयस?"

"आले तेव्हापासून. पंधरा दिवस झाले ना?"

"ताप येतो?"

"छे. संध्याकाळी जरा कणकण वाटते. घाम येतो. कंबर दुखते, पण ती काय, या दिवसांत दुखायचीच. परवा सातवा लागेल. आई, तू अशी का विचारतेयस?"

गेल्या महिन्यात गाय गाभडली, तीही सातव्यातच. आईनं काल ते निघताना सांगितलं होतं, दारात, दुसऱ्याच कशाच्या तरी बोलण्यात. म्हणून तर तिनं ती बाटली भरून घेतली होती.

पलीकडे फोन हिसकावल्यासारखा आवाज झाला.

"काय गं, पोरीला का घाबरवतेस?" आईचा आवाज खणखणीत होता. "याच गोठ्यातल्या दुधावर तू वाढलीस, एवढी शिकलीस. तुला काही झालं? तापवलं की दुधातला जीव जातो, कितीदा सांगितलं तुला."

"त्यासाठीच तापवतात, आई."

तिनं गाडीची किल्ली उचलली.

"तिला चप्पल घालायला सांग. मी गाडी घेऊन येतेय. डॉक्टरांकडे जायचंय, रक्त तपासायला. आणि तूही चल."

"म्हणजे झालंय तरी काय?" आता आवाज उतरला होता, तरी आई मागे हटेना. "असं काय दिसलं तुला माझ्या दुधात? जरा रंग बघ त्याचा. कसं पांढरंशुभ्र आहे."

तिनं स्टँडकडे पाहिलं. अकरा नळ्यांत फिकट निळं दूध होतं. बाराव्या नळीत, कड्याच्या खाली, रंगाचा एक कणही उरला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "पांढरंशुभ्र आहे."