खात्रीचं मत

नव्या उमेदवाराच्या सभेवरून तिने आपलं झेरॉक्सचं दुकान गाठलं आणि भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोला ठणकावलं, “ह्याने नोटा नाही वाटल्या, आशा वाटली. माझं मत ह्यालाच!” नवऱ्याने जन्मात मतदान केलं नव्हतं. “सगळे एकाच माळेचे मणी,” म्हणायचा आणि मतदानाच्या दिवशी डाराडूर झोपायचा. दुसऱ्या दिवशी त्याच उमेदवाराचा कार्यकर्ता मतदारयादी घेऊन आला. “ताई, दहा प्रती काढा पटकन.” काचेवर पान ठेवताना ती थबकली. नवऱ्याच्या नावापुढे हिरवी खूण होती. त्याखाली तिचं नाव, पुढे लाल प्रश्नचिन्ह. “हिरवी म्हणजे?” “खात्रीचं मत.” “पण हे तर दोन वर्षांपूर्वी वारले.” “म्हणून तर खात्री!” तो हसला. फोटोकडे त्याचं लक्षही नव्हतं. “आणि ही खालची बाई?” त्याने यादीत डोकावून पाहिलं. “हिचा काही भरवसा नाही, ताई. जिवंत आहे.”