शेजारचा दिवा

टाळ्या वाजत होत्या. रुचिकाच्या दोन्ही हातांत पहिल्या नंबरच्या बक्षिसाचा कुकर होता आणि फोटो काढणारा तिला जरा हसा, जरा हसा म्हणत होता. ती हसली.

बुटीबोरीच्या या सूतगिरणीत तिचं काम कोन भरायचं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या मोठ्या रिळांवर सूत गुंडाळायचं. एकेका बाईकडे बारा कोनांची मशीन. धागा तुटला की त्या कोनावर लाल दिवा लागतो, आणि हातानं गाठ मारेपर्यंत तो कोन जागचा हलत नाही. तो दिवा बायका विझवत नाहीत. देवापुढच्या दिव्यासारखा तोही ‘शांत’ करतात. आणि जिचे हात रिकामे असतील तिनं शेजारणीचा दिवा शांत करून यायचं, अशी खात्याची रीतच होती. साहेबांनी घालून दिलेली नव्हती, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली.

महिन्याभरापूर्वी भिंतीवर नावांचा बोर्ड लागला. कोन भरत जातील तसे त्यावरचे आकडे आपोआप बदलायचे. जिचे कोन जास्त तिला बक्षीस. जी सगळ्यात खाली, तिची बदली कचरा गोदामात. तिथं दिवसभर कापसाची पूड उडते.

रुचिकाच्या शेजारच्या मशीनवर चंद्रकलाकाकू. उमरेडच्या विणकराघरची बाई, दम्याची. रुचिकाला गाठ मारायला त्यांनीच शिकवलं. बोर्ड लागला त्या आठवड्यात काकूंचा दिवा लागला की रुचिका मान खाली घालायची. पुढच्या आठवड्यात तेवढीही गरज उरली नाही. अंगवळणी पडायला काय वेळ लागतो! जेवणाच्या सुट्टीत काकू डब्यातली भाजी पूर्वीसारखीच पुढे सरकवायच्या. रुचिकाला नाही म्हणायचं तोंड नव्हतं. मग ती खायची.

इकडे सुपरवायझर सुमंत सर रंगात आले होते. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

“अर्धा तास झाला, ही इथं उभी आहे. तिकडे हिची मशीन एक मिनिट थांबली नाही. याला म्हणतात काम.”

पुन्हा सगळ्या मशीनींवरून टाळ्या. रुचिकाचीही मान क्षणभर ताठ झाली. मग तिनं हिशोब केला. अर्ध्या तासात दहा वेळा तरी धागा तुटतो. मशीन काय आपली आपण गाठ मारते?

सरांनी लगेच खालचंही नाव वाचून टाकलं. सकाळी खात्यातली शामला सगळ्यात खाली होती आणि काकू तिच्यापेक्षा चार कोनांनी पुढे होत्या. आता बोर्डावर शेवटचं नाव चंद्रकला होतं. सोमवारपासून गोदाम. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्या जागच्या जागी आपापल्या कोनांकडे वळल्या.

रुचिका कुकर घेऊनच परत आली. तिच्या मशीनवर एकही दिवा नव्हता. एक कोन नुकताच भरून थांबला होता आणि वरच एक गाठ दिसत होती. बारीक, घट्ट, आणि शेपूट उलट्या बाजूला. अख्ख्या खात्यात अशी गाठ एकाच बाईची. चंद्रकलाकाकू डावखुऱ्या होत्या.

शेजारच्या मशीनवर पाच दिवे लागले होते. काकू पहिल्या दिव्यापाशी वाकल्या होत्या. त्यांच्या श्वासाची घरघर रुचिकाला इथपर्यंत ऐकू आली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काकू,” ती म्हणाली, “काहून आल्या तुम्ही माह्या मशीनवर? तुमचे कोन मागं पडून राहिले होते ना. मी तर...” महिनाभर मी आली नाही, एवढंच पुढे म्हणायचं होतं.

काकूंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रुचिका असलं काय विचारते आहे, तेच त्यांना समजलं नव्हतं.

“दिवा लागला होता ना वं,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा गाठीकडे वळल्या.

तेवढ्यात काकूंच्या मशीनवर सहावा दिवा लागला. रुचिका बघत राहिली. तिच्या दोन्ही हातांत अजून कुकरच होता.