बिनमिरचीचे रोल

“आणि पापड पाण्यात किती वेळ ठेवायचा?”

“ठेवायचा नाहीच. बुडवायचा आणि काढायचा,” थोआ म्हणाली. “पण तुम्हाला कशाला ही पंचायत?”

“सहज,” हिएप म्हणाला.

सहज! लग्न झाल्यापासून या माणसानं स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा पाय टाकला नव्हता. आणि आता बायकोच्या खांद्याशी उभा राहून रोल कसे करतात ते विचारतोय.

कोंबडी आल्याचा तुकडा टाकून उकडायची. कोमट झाली की हातानंच धागे सोडवायचे, सुरी लावायची नाही.

(हे त्याला कुणाला सांगायचंय?)

तांदळाचा पापड ओला करून ताटात पसरायचा. सॅलडचं पान, त्यावर शेवया, पुदिना, मग कोंबडी.

(कालव्यापलीकडच्या लिएनला. दुसरं कोण?)

लिएन घरी तांदळाचे पापड करून विकायची. तरणी विधवा, केस कमरेपर्यंत. हल्ली हिएप रोज दुपारी पूल ओलांडून तिच्याकडे जायचा. परत यायचा तेव्हा बोटांना पुदिन्याचा वास, आणि बोटं अशी सुरकुतलेली, जणू पाण्यातच बसला होता.

“बोंगला मिरची चालत नाही ना?”

“स्वतःच्या मुलीला काय चालतं ते मला विचारताय? तिकडेच विचारा की!”

तो चिडला नाही. सायगॉनच्या दवाखान्यातून तिच्या अल्सरच्या गोळ्या घेऊन आल्यापासून तो तिच्यावर चिडतच नव्हता. तिथे डॉक्टर बोलत असताना त्यानं तिला उसाचा रस प्यायला बाहेर पाठवलं होतं. नवी नवरी होती तेव्हाही असे लाड झाले नव्हते. मन खात असणार त्याला.

सासूबाईही सामील. परवा त्यांनी स्वतःच्या वाडग्यातली तंगडी उचलून तिच्या वाडग्यात घातली. आजवर या बाईनं सुनेला पंखसुद्धा मोजून दिला होता.

बाजारात ती आली की बायकांचं बोलणं तुटायचं. भाजीवालीनं तर पुदिन्याची एक जुडी फुकट टाकली आणि वर म्हणाली, “ने गं, जपून राहा.”

(अशी कीव कुणाची करतात? जिचा नवरा दुसरीकडे जातो, तिची.)

आणि काल बोंग भरल्या पोटानं घरी आली. “आई, मी लिएनमावशीकडे रोल खाल्ले. बिनमिरचीचे! अगदी तुझ्यासारखे.”

अगदी तुझ्यासारखे. नवरा गेला, सासू गेली. आता मुलगीसुद्धा?

आज हिएप निघाल्यावर थोआ त्याच्या मागोमाग गेली. पुलावर तिला दोनदा कठड्याला धरून थांबावं लागलं. राग माणसाला किती थकवतो!

लिएनचं दार सताड उघडं होतं. आतून लिएनचा आवाज आला, “इतकं घट्ट नको दादा, फाटेल. अंगठ्यानं दाबा. हां, आता कसं!”

थोआ आत घुसली.

चटईवर हिएप मांडी घालून बसला होता. पुढ्यात फाटक्या, वेड्यावाकड्या रोलांचा ढीग. समोर लिएन. आणि कोपऱ्यात पाला निवडत, चक्क सासूबाई.

“थोआताई, तू?” लिएन दचकून उठली.

थोआनं त्या ढिगाकडे पाहिलं, नवऱ्याच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं, आणि तिला हसूच फुटलं. इतके दिवस छातीत धरून ठेवलेलं सगळं त्या हसण्याबरोबर सुटलं. ती दाराला टेकून, पोट धरून हसत राहिली.

“एवढंच होतं होय? आणि मी आपली घरी बसून जळतेय! काय ते रोल, बाई गं. कुत्रा तरी खाईल का?” तिनं डोळे पुसले. “पण बोंगच्या बाबा, तुम्हाला हे शिकायची गरजच काय? लेकीला करून घालायला मी काय मेलेय का?”

असं अभद्र कुणी बोललं की सासूबाई खेकसून उठायच्या. आज त्यांनी गळ्यातला पंचा तोंडात कोंबला. लिएन भिंतीकडे वळली. हिएप हातातल्या रोलकडे बघत राहिला.

‘नाही’ असं कुणीच म्हणालं नाही.