घरचा हात

माहेरच्या परसात येताच वैजयंतीनं पिशवी पायरीवर टेकवली आणि ती थेट आपल्या पेरूपाशी गेली. हे झाड तिनं परकर नेसायच्या वयात लावलेलं. हाताशी आलेला एक पिकला पेरू तिनं तोडला, पदराला पुसला आणि कचकन चावा घेतला.

कडूजहर!

वानरांनी उच्छाद मांडला तेव्हा तिच्या वडिलांनी, अप्पांनीच, झाडाला ओळखीची लस टोचून घेतली होती. घरचा हात लागला तर फळ गोड. परका लागला की देठ तुटायच्या आत कडू. त्या वेळी अप्पांनी सगळ्यात आधी तिचाच तळवा खोडावर टेकवला होता.

"श्रीरंगा, झाड बिघडलं की काय रे?"

भाऊ मागच्या दारात आला, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "नाही गं ताई. परवा लस नवी केली. या वेळी घरातल्यांचेच हात घेतले."

"आणि माझा?"

"अप्पा गेल्यावर तू हक्कसोडीवर सही केलीस ना, म्हणून म्हटलं..."

सही करताना ती एवढंच म्हणाली होती, मला काही नको, माझा पेरू तेवढा राहू दे. "तो तुझाच गं," असं हाच म्हणाला होता.

"थांबा वन्सं, मी काढून देते," भावजय लगबगीनं पुढे झाली.

"राहू दे."

झाडाखाली वानरानं एकच चावा घेऊन फेकलेला पेरू पडला होता. वैजयंतीनं आपला उष्टा पेरू त्याच्याशेजारी ठेवला आणि पिशवी उचलली.